भरून दाखवलेल्या चौकटी

फोनवरचे बोलणे एका मर्यादेपलीकडे गेले की मापकाका "चौकट भरली" असे म्हणत आणि फोन ठेवून देत. समोरचा माणूस दुखावला जाईल हे त्यांना कळत नसे, असे नाही. दुखावलेल्या माणसाने पुन्हा फोन केला, तर तितक्याच शांतपणे ते तो उचलत आणि राहिलेले ऐकून घेत. मात्र पुन्हा तेवढेच. परगावी असलेल्या त्यांच्या मुलीलाही हाच नियम लागू होता. एकदा माझ्यासमोर त्यांनी तिचा फोन असा ठेवला, तो लगेच पुन्हा वाजला, आणि तो उचलून ते म्हणाले, "हां, बोल. दुसरं पान."

त्या मुलीकडे ते कायमचे राहायला गेले, त्यालाही आता काही काळ लोटला. मला त्यांची आठवण अनेकदा येते, आणि दर वेळी तिच्या पाठोपाठ माझ्याविषयीचा एखादा प्रश्नही येतो. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या कचेरीत सगळे त्यांना मापकाका म्हणत. कचेरी म्हणजे कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. वर शिकवणीचे वर्ग असल्याने दारात मुलांच्या स्कूटरींची कायम गर्दी. बडोद्यातल्या मराठी मंडळींचे एक मासिक आम्ही तिथून काढतो. मी त्याचा कार्यकारी संपादक. आमचे वाचक बहुतेक माझ्या वयाचे किंवा माझ्याहून थोरले. त्यांची मुले घराबाहेर गुजरातीत आणि हिंदीत बोलतात, नातवंडे घरातही. तरीही महिन्याचा अंक टपालाने आला नाही, तर फोन करून विचारणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांच्यासाठी तो छापून निघावा अशी माझी इच्छा असते.

मापकाका निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या कारखान्याच्या छपाई विभागात होते. धोक्याच्या सूचना, हजेरीचे छापील कागद, कामगारांची पत्रिका, असे सारे त्यांच्या हातून जाई. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या: सदऱ्याच्या खिशातली पोलादी पट्टी आणि जगातल्या कोणत्याही गोष्टीला जागा नेमून देता येते ही श्रद्धा. खंडेराव मार्केटात भाजी आणायला ते जी पिशवी नेत, तिला आतून त्यांनी स्वतः कप्पे शिवले होते. एकदा त्यांच्या डब्यात सलग तिसऱ्या दिवशी दुधी दिसला, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, "मेथीच्या जुड्या लांब होत्या. कप्प्यात बसल्या नसत्या." हे ते विनोदाने म्हणत आहेत की गंभीरपणे, हे मला कधीच नक्की कळले नाही. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहत. कचेरी दहाला उघडे. ते त्याआधीच पायरीवर बसलेले असत.

ते येण्यापूर्वी आमचा अंक दर महिन्याला उशिरा निघे. लेखक आपल्याला वाटेल तेवढे लिहून मोबाइलवर पाठवीत. मांडणी करणारी मुले त्या मजकुराची वाट पाहत बसत, आणि तो आला की तो दीड पानाने जास्त असे. मग कापाकापी, मग लेखकांचे फोन, मग माझ्या क्षमायाचना. कार्यकारिणीला याचा कंटाळा आला होता. छपाई बंद करून अंक केवळ मोबाइलवर पाठवावा, असे अध्यक्षांचे मत होत चालले होते. तेव्हा नुसते सभासद असलेले मापकाका कार्यकारिणीच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "मला साचे करू द्या. अंक वेळेवर निघेल. एक पान जरी चुकीचं गेलं, तर मी मांडणीच्या खुर्चीत बसणार नाही."

असा शब्द देण्याची काही गरज नव्हती. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवता आले असते. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायलो.

त्यांची पद्धत अशी. प्रत्येक प्रकारच्या पानाचा एक साचा: लेखाचा, मुलाखतीचा, पाककृतीचा, वाचकांच्या पत्रांचा, श्रद्धांजलीचा. शीर्षकाची जागा, छायाचित्राची जागा, ओळींची संख्या, सगळे ठरलेले. लेखकाने संगणकावर ते पान उघडायचे, तिथला नमुन्याचा मजकूर पुसून आपला लिहायचा. जागा संपली की पुढची अक्षरे लाल होत. लिहून झाले की त्याने हिरवी खूण करायची. मांडणीत काही बदल केला असेल तर मांडणीकाराने आपली खूण करायची. बदल नसेल तर ती आपोआप हिरवी होई. दोन्ही खुणा हिरव्या झाल्या की पान थेट छापखान्यात. संपादकाने ते पुन्हा वाचायचे नाही.

"मी वाचलं तर काय बिघडेल?" मी विचारले होते.

"तुम्ही वाचलंत की तुम्हाला एक शब्द बदलावासा वाटेल. एक बदललात की ओळ हलेल. ओळ हलली की सगळं गाव हलेल."

लेखकांच्या पहिल्या बैठकीत मोठे वादळ झाले. सर्वांत पुढे होत्या आमच्या स्तंभलेखिका, एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांना आम्ही नुसते 'बाई' म्हणतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही आता फॉर्म भरायचे? बँकेत खातं उघडायला आलोय का आम्ही?"

"हो, फॉर्मच," मापकाका म्हणाले. "पण चांगला भरा."

"आणि माझा विचार तुमच्या चौकटीत नाही मावला तर?"

"विचार मावतो, बाई. प्रस्तावना मावत नाही."

त्यांच्या साच्यांची खरी गंमत नमुन्याच्या मजकुरात होती. इतर ठिकाणी साच्यांत कसलीतरी निरर्थक अक्षरे भरलेली असतात. मापकाकांना ते मान्य नव्हते. "रिकामी चौकट दाखवली की लेखक तिच्यात पाय पसरतो," ते म्हणत. "भरलेली दाखवली की अंग चोरून बसतो." म्हणून प्रत्येक साचा त्यांनी स्वतः लिहून भरला होता. पाककृतीच्या साच्यात अर्थातच दुधी होता. मुलाखतीच्या साच्यात सोसायटीच्या चौकीदाराची खरीखुरी मुलाखत होती, छापली असती तर अंकाची शोभा वाढली असती अशी. वाचकांच्या पत्रांच्या साच्यात तिन्ही पत्रे त्यांच्याविरुद्धच होती. एकात "आपला नवा मांडणीकार उद्धट असून त्याला साहित्यातले काही कळत नाही" असे स्वच्छ म्हटले होते. बाईंना संशय होता की ते वाक्य त्यांनी बाईंच्याच तोंडून ऐकून घेतले आहे.

श्रद्धांजलीच्या साच्यात त्यांनी स्वतःचे छायाचित्र लावले होते, वर स्वतःचे पूर्ण नाव, आणि खाली स्वतःची श्रद्धांजली. मांडणी करणाऱ्या मुलीने ते पान लगेच मिटले. "काका, आ सारुं न लागे," ती म्हणाली. हे बरे दिसत नाही, असे तिचे म्हणणे.

"जिवंत माणसाचा फोटो इथे लावायचाच, तर तो माझाच लागेल," ते म्हणाले. "दुसऱ्याचा लावला तर त्याच्या बायकोला काय सांगू?"

बाईंचे आणि त्यांचे मात्र अखंड चालू असे. बाईंचा स्तंभ दर महिन्याला काही ओळी लाल होऊन येई. मापकाकांनी त्या मुकाट्याने कापल्या असत्या तरी नियमात बसले असते. पण ते फोन करीत. "बाई, 'माझ्या वडिलांच्या धोतराला कायम खडूचा वास येई' ही ओळ काढू का?" बाई ओरडत. ते ऐकून घेत, दुसरी ओळ म्हणून दाखवत, तिच्यावरही बाई ओरडत. मी शेजारच्या खोलीतून हे ऐकत असे, आणि दोघांचे भांडण मिटवायला न जाता हातातले काम अधिक मन लावून करीत असे. माझ्या मवाळपणाचे लोक कौतुक करतात. त्यातला पुष्कळसा भाग केवळ उठून न जाण्याचा असतो, हे मला ठाऊक आहे.

अंक वेळेवर निघू लागले. आणि मग अध्यक्षांचे वडील वारले.

तेच संस्थेचे मूळचे अध्यक्ष. त्यांनी हे मासिक वर्षानुवर्षे सांभाळले होते. अध्यक्षपद मुलाकडे अलीकडे आले. शोकसभा ठरली, आणि वडिलांवरचे पान असलेला अंक सभेला प्रत्येकाच्या हाती असावा, एवढी एकच इच्छा अध्यक्षांनी बोलून दाखवली. श्रद्धांजली लिहायची बाईंनी, हे उघडच होते. त्या तेव्हा मुलीकडे नाशिकला होत्या. मी त्यांना फोन करायला हवा होता. पण आता पद्धत होती. मी बाईंच्या नावाने पान उघडले, आणि त्यांना संगणकाचा ठरलेला निरोप गेला: श्रद्धांजलीचे पान तुमच्यासाठी उघडले आहे. दुसऱ्याच दिवशी पानावर दोन हिरव्या खुणा दिसल्या. मला बरे वाटले. पान छापखान्यात गेले.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवीजवळच्या आमच्या छापखान्यातून फोन आला. मालकांचा आवाज दबलेला होता.

"साहेब, काका क्यारे गुजरी गया?"

"वारले? कोण काका?"

"आपणा मापकाका. सवारे तो अहीं चा पीने गया!" सकाळीच ते तिथे चहा पिऊन गेले होते, असे त्यांचे म्हणणे.

मापकाका माझ्यासमोर बसून डबा खात होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी घास खाली ठेवला.

मी पान उघडले. त्यांचे छायाचित्र, त्यांचे नाव, त्यांनी लिहिलेला तोच कोरडा मजकूर: ते काटेकोर होते, वेळ पाळत, दुधी त्यांना आवडे. फक्त शेवटची ओळ त्यांची नव्हती. तिच्या जागी बाईंनी लिहिले होते: "माझी एकही ओळ त्यांनी मला न विचारता कापली नाही, आणि विचारत तेव्हा ती त्यांना पाठ असे."

काय झाले हे समजायला वेळ लागला नाही. बाईंना अध्यक्षांच्या वडिलांचे कळलेलेच नव्हते, आणि श्रद्धांजलीचा साचा त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी पान उघडले, समोर मापकाका दिसले, खाली पूर्ण लिहिलेली श्रद्धांजली. हा गृहस्थ आपली श्रद्धांजली आपणच मोजून लिहून ठेवील आणि मग जाईल, यात त्यांना काहीच नवल वाटले नाही, आणि कोणाला फोन करून विचारण्याचा धीरही झाला नाही. त्यांनी फक्त एक ओळ बदलली, चौकटीत बसेल अशी, आणि खूण केली. मांडणीत बदल नव्हता, म्हणून दुसरी खूण आपोआप झाली. आणि मी नियमाप्रमाणे पान वाचले नव्हते. हे मी तिथेच सर्वांदेखत म्हणालो. मापकाका म्हणाले, "नियम माझा होता." ते ती शेवटची ओळ पुन्हा वाचत होते.

सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या, बांधणी चालू होती. पुन्हा छापायला कागद दुसऱ्या दिवशी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता, आणि तोवर सभा संपलेली असती. अध्यक्ष वडिलांचे पान उघडतील आणि तिथे मापकाका असतील. छपाई बंद करायला याहून मोठे कारण त्यांना लागले नसते. मापकाकांनी तर आपली खुर्ची सोडण्याचे कारण आधीच देऊन ठेवले होते.

"वरून चिकटवू," ते म्हणाले. "चौकट तीच आहे. स्टिकर पेपरवर नवा मजकूर छापायचा, मापात कापायचा, वर लावायचा. तंतोतंत झाकला जाईन मी."

"पण मजकूर?"

त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, बाईंचा नंबर लावला आणि आम्हा सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाई, मी बोलतोय."

"कोण?"

"मापकाका. श्रद्धांजलीच्या पानावरचा."

"कोण बोलतंय? थट्टा करायला लाज नाही वाटत?"

"थट्टा नाही, बाई. मी जिवंत आहे. ते पान नमुन्याचं होतं."

पलीकडे काहीतरी दाणकन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग बाईंचा आवाज फुटला. "दोन दिवस अन्न गेलं नाही मला, मेल्या!" इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला एकेरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. मग मोर्चा माझ्याकडे वळला. "आणि संपादक कुठेत? माणूस गेल्याचं असं कळवतात? पान उघडलंय म्हणून?"

"चुकलं, बाई," मी म्हणालो.

"ती शेवटची ओळ काढून टाका आधी."

"छापून झालीय," मापकाका म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "बाई, अध्यक्षांचे वडील गेले. पान त्यांचं आहे. आत्ता लिहायला हवंय."

"ते पण गेले?"

"ते 'पण' काय? तेच गेले."

छापखान्याच्या मालकांचा दुसऱ्या फोनवर सारखा निरोप येत होता: कापायचे यंत्र संध्याकाळपर्यंतच मोकळे आहे. बाई म्हणाल्या, "माझ्याजवळ आता काही नाही हो. जे होतं ते तुमच्यावर लिहून झालं."

"मग तीच ओळ त्यांना द्या. मापात आहे. बसेल."

"बसेल. पण लागू पडेल का? त्या माणसानं माझं एक अक्षर कधी वाचलं नाही."

कोणत्याही चौकटीत कोणालाही बसवता येते, असे आयुष्यभर मानणारा माणूस फोनकडे पाहत होता. मांडणी करणारी मुलगी घड्याळाकडे पाहत होती. शेवटी मापकाका म्हणाले, "मग ते काय करायचे, ते सांगा. जे खरं असेल ते. मी मोजत नाही."

"झोपायचे."

"काय?"

"माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून झोपायचे. घोरायचे सुद्धा." बाईंनी सूर बदलला. "पण उठून नाही गेले कधी. बाकीचे मोठे लोक हार घालून घेतात आणि निसटतात. हे शेवटपर्यंत. कोणाचाही कार्यक्रम असो. नवख्या पोराचा असला तरी. शेवटी सतरंज्या गोळा होईपर्यंत उभे राहायचे."

"हे लिहा."

"झोपायचे हे?"

"ते नको. बसायचे ते."

बाई सांगत गेल्या, मी टंकत गेलो. एवढा लांबलेला फोन त्यांनी त्या दिवशी मध्येच ठेवला नाही. मजकूर संपला तेव्हा एक ओळ शिल्लक होती. मुलीने विचारले, "काका, एक लाईन खाली रहे छे. कंईक उमेरी दईए?" काही वाढवायचे का, या प्रश्नावर मापकाकांनी मान हलवली. "ना. रहेवा दे." रिकामी ओळ त्यांनी आजवर कोणालाही सोडू दिली नव्हती. पण विचारायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही चिकटवत बसलो. मापकाका पोलादी पट्टी मधून कडेकडे फिरवत, बुडबुडा राहू नये म्हणून, आणि प्रत्येक प्रतीत आपलाच चेहरा झाकत. मी म्हणालो, "अध्यक्षांना आधीच सांगू या."

"आज त्यांच्या वडिलांचा दिवस आहे. माझा विषय उद्या."

दुपारी पाहिले तर त्यांचा खण रिकामा होता. चष्म्याचे घर, डबा, औषधे, सगळे कप्प्यांच्या पिशवीत जागच्या जागी गेले होते. साच्यांच्या फायली त्यांनी मांडणीच्या मुलीला समजावून दिल्या. घरी जाऊन हा माणूस उद्या सकाळी काय करील, हा विचार मला आला, आणि त्यावर बोलण्यासारखे एक वाक्य शोधेपर्यंत ते रिक्षा बोलवायला बाहेर गेले होते.

सभागृह भरले होते. बाई नाशिकहून थेट आल्या होत्या. मापकाकांच्या रांगेतच बसल्या, मध्ये एक खुर्ची सोडून, आणि त्यांच्याकडे पाहिले नाही. अध्यक्षांनी बोलायला उभे राहून वडिलांचे पान उघडले. हवेतल्या दमटपणाने असेल, त्यांच्या प्रतीतला एक कोपरा किंचित उचलला गेला होता. त्यांचे बोट तिथे अडले. त्यांनी नखाने तो कोपरा चाचपला, थोडा वर केला.

"हे वरून लावलंय? खाली काय आहे?"

मी उठायला लागलो होतो, पण माझ्याआधी मापकाका उभे होते.

"खाली मी आहे, साहेब."

त्यांनी जे झाले ते थोडक्यात सांगितले, कोणावर काही न ढकलता. शेवटी म्हणाले, "मी शब्द दिला होता. उद्यापासून मी येणार नाही. पण छपाई बंद करू नका. चूक कागदाची नाही."

"तुम्हाला काढा म्हणताय?" अध्यक्षांनी विचारले.

"काढायचं कसं?" बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात गेले ना ते. मीच लिहिलंय."

कुठूनतरी हसू फुटले आणि शोकसभा आहे हे आठवून लगेच दाबले गेले. अध्यक्ष हसले नाहीत. ते पान वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी शेवटच्या ओळीखालच्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवले.

"इथे एक ओळ रिकामी आहे. काही राहिलं का?"

"राहिलंच असेल, साहेब," मापकाका म्हणाले. "आम्हाला माहीत नव्हतं ते."

अध्यक्षांनी बोट त्या रिकाम्या ओळीवरून फिरवले. मग ध्वनिक्षेपकापासून तोंड वळवून, पहिल्या रांगांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरी ते जेवण संपेपर्यंतसुद्धा बसत नसत. अर्ध्या ताटावरून उठून इकडे यायचे." मग म्हणाले, "हे नाही लिहिलंत, बरं केलंत."

त्यांनी उचललेला कोपरा अंगठ्याने दाबला आणि काही वेळ तसाच दाबून धरला. मग मापकाकांकडे न पाहता विचारले, "पुढच्या अंकाची पानं कधी उघडताय?"

मापकाकांनी शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी उघडतो, साहेब."